चूलबंद आवतान

लाजर आप्पानं कुणालाच बोलावलं नाही असं लग्न माझ्या आठवणीत एकच, आणि ते त्याच्या स्वतःच्या लेकीचं. ती गोष्ट सांगायलाच मी बसले आहे. पण आधी माणूस सांगते, नाहीतर लग्न कळायचं नाही.

मी निपाणीची. तंबाखूच्या वखारीला लागून आमचं घर, त्यामुळं बोलायच्या आधी मी शिंकायला शिकले असं आई म्हणायची. विसाव्या वर्षी नवरा गेला. भाऊ शहाणा, त्यानं मला कोपऱ्यात बसू दिलं नाही, शिकवलं, आणि बेळगावच्या मिशनच्या मुलींच्या शाळेत मला मास्तरीण म्हणून जागा मिळाली. राहायला शहापुरात लांबच्या मावशीकडं. खाली माग, वर मी. शाळेत पहिल्या दिवशी फाटकात भेटला तो शिपाई, लाजर आप्पा.

नाव लाजर, पण लाज म्हणून नव्हती. उंच, वाळका, गुडघ्यापर्यंत धोतर आणि वर पाद्रीसाहेबांनी दिलेला काळा कोट. कोटाला बटणं तीन, तिन्ही तीन तऱ्हांची. मी बघत राहिले तर म्हणाला, "काय बघतासा बाई? तीन जातीची बटणं एका कोटात सुखानं नांदत्यात. मानसान्लाच काय हुतंय कुणास ठावं!"

जेवणाची घंटा त्याच्या हातात होती आणि ती कधी बाराला वाजली नाही. पावणेबारा, कधी साडेअकरा. मोठ्या बाई रागावल्या की म्हणायचा, "खालच्या वर्गातल्या पोरी डब्याकडं बघाय लागल्या बाई. घड्याळाला काय भूक लागतीया व्हय?" रस्त्यात भेटेल त्याला "ऊटा आतेन?" म्हणून विचारायचं, म्हणजे कानडीत जेवलास का, आणि तोच त्याचा रामराम. एकदा गोरा इन्स्पेक्टर शाळा तपासायला आला, टांग्यातून उतरतोय तोवर आप्पानं त्यालाही विचारलं, "ऊटा आतेन?" साहेबाला काय कळणार, तो म्हणाला "येस येस." आप्पाचा जीव भांड्यात पडला. दिवसभर त्यानं साहेबाकडं परत बघितलं नाही.

शाळेची घंटा हे त्याचं पोटाचं काम. खरं काम वेगळं. मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती लोकांत, कुणाचं लग्न असो, बाप्तिस्मा असो, नाताळचं जेवण असो, घरोघर जाऊन आवतान सांगायचं ते आप्पानंच. आमच्याकडं आवतानाच्या दोन तऱ्हा. एक 'घरटी एक', म्हणजे घरातल्या एकानं यायचं. दुसरं 'चूलबंद', म्हणजे झाडून सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. घरधनी सांगेल तसं आप्पा दारात उभा राहून हाळी द्यायचा. त्याच्या तोंडून 'घरटी एक' कसंबसं, पाहुण्याला पानातली शेवटची भाकरी द्यावी तसं निघायचं. 'चूलबंद' मात्र तिसऱ्या गल्लीला ऐकू जायचं.

हे काम त्याला एवढं का प्यारं, ते त्यानं मला एकदा सांगितलं. "आमचा आज्जा गावचा येसकर बाई. गावात कोन मेलं की पावन्यापैच्या गावाला सांगावा न्यायचा आज्ज्यानं. दहा-दहा कोस चालत. तिथं जाऊन उंबऱ्याभाईर उभं ऱ्हायचं, लांबनं वरडायचं, लांबनंच वाढलेली भाकरी घ्यायची. जनमभर मरणाचं सांगावं न्हेलं त्यानं. मी जेवणाचं न्हेतो. फरक पडला का न्हाय?"

मी म्हणाले, "पडला की आप्पा."

माझ्या पहिल्या नाताळात तो शहापुरात आमच्या माडीखाली आला. माग थांबवून सगळे बघायला लागले. आप्पानं काठी आपटली आणि ओरडला, "मास्तरीण बाई! परवादिशी नाताळचं जेवाण! चूलबंद!" मावशी म्हणाली, "अगं बाई, त्यांच्यात जेवायला जाणार होय तू?"  नवरा गेल्यापासून पाच वर्षांत मला श्राद्धाशिवाय कशाचं बोलावणं आलं नव्हतं. हळदीकुंकू नाही, बारसं नाही, सख्ख्या चुलत बहिणीचं लग्न नाही. आणि हा माणूस भर रस्त्यात माझ्या नावानं चांगल्या जेवणाची हाळी देत होता. मी गेले. मटणाचा रस्सा काही खाल्ला नाही, भात आणि केळं खाल्लं, पण गेले.

आता कंत्राटदाराच्या लग्नाचं सांगते, कारण तिथनं सगळं फिरलं.

मंडळीत सॉलोमनसाहेब म्हणून एक कंत्राटदार होते. मोठा बंगला, मोठ्या मिशा, देवळात पहिल्या बाकावर बसायचं आणि सगळ्यात मोठ्यानं 'आमेन' म्हणायचं. त्यांच्या लेकाचं लग्न निघालं. यादी दिली, 'घरटी एक', दोनशे पानं. नेमकं आदल्या रविवारी पाद्रीसाहेबांनी उपदेश कशावर करावा? मोठ्या जेवणावळीच्या दाखल्यावर. एका धन्यानं जेवण केलं, बोलावलेले आले नाहीत, म्हणून त्यानं चाकराला रस्त्यावर धाडलं आणि आंधळेपांगळे, गोरगरीब सगळे आत आणवले, ही ती गोष्ट. सॉलोमनसाहेब खूष होऊन 'आमेन' म्हणाले, दोनदा.

लग्नादिवशी मांडवात पहिली पंगत बसली ती बघून मला आधी हसू आलं आणि मग घाम फुटला. पहिल्या पानावर स्टेशनवर एकतारी घेऊन बसणारा आंधळा धोंडिबा. त्याच्या शेजारी केरसुण्या विकणारी यल्लव्वा, तिची तीन पोरं, दोन पांगळे, एक वेडसर म्हातारी. आणि शेवटी डोकं भादरलेला बाळू, जो त्याच सकाळी हिंडलग्याच्या तुरुंगातून सुटला होता, गाठोडं अजून काखेत. कुणीतरी त्याला विचारलं, कशाबद्दल होतास रे आत? म्हणाला, "कोंबड्या." मग पानाकडं बघून म्हणाला, "हे बकऱ्याचं दिसतंय. चालंल."

मामलेदार कचेरीतले पाहुणे उभे आणि ही मंडळी जेवतायत. सॉलोमनसाहेबांच्या मिशा थरथरायला लागल्या. "कुणी बोलावलं यांना?"

"म्या," आप्पा म्हणाला. "तुमच्या वतीनं."

"यादीत होते का हे?"

"यादीत न्हवतं. पर रविवारी तुमी दोनदा आमेन म्हणलासा. मला वाटलं, यादीत भर घातली सायबांनी."

"आणि पहिल्या पंगतीला?"

"मागनं रस्सा पातळ हुतो सायेब."

पुढच्या आठवड्यात कमिटी बसली. पाद्रीसाहेब भले माणूस, पण त्यांची पंचाईत झाली. उपदेश त्यांचाच, आणि देवळाचं छप्पर सॉलोमनसाहेबांचं. ते म्हणाले, "आप्पा, दाखला हा मनात धरायचा असतो."

"मनात धरला की सायेब. तिथं मावंना, म्हणून भाईर आला."

कुणी हसलं, पण निकाल लागायचा तो लागला. इथून पुढं आवतान छापील कार्डानं जाईल, आप्पानं घंटा सांभाळावी. सॉलोमनसाहेबांनी स्वतःच्या खर्चानं कार्डं छापून आणली, सोनेरी काठाची. आप्पानं एक कार्ड उलटंपालटं करून बघितलं आणि मला म्हणाला, "बाई, हे धोंडिबाला कसं वाचता यायचं?" त्यानंतर महिनाभर जेवणाची घंटा बरोबर बाराला वाजली. तेव्हा मला खरी काळजी वाटली.

त्याची लेक मार्था. चोवीस वर्षांची, शिवणकाम उत्तम, तोंडानं आईवर गेलेली म्हणजे फटकळ, पण सोन्यासारखी पोर. तिच्या दोन सोयरिकी मोडल्या होत्या, आणि दोन्हीला कारण बाप. "उद्या आमच्या दारात जेलातली माणसं घेऊन यायचा," असं एका ठिकाणी तर तोंडावर सांगितलं. तिसरं स्थळ मिरजेचं आलं. मुलगा दवाखान्यात कंपौंडर, गोड स्वभावाचा, मार्थाला बघून गेला आणि दुसऱ्यांदा बघायला काहीतरी निमित्त काढून आला. त्याचे वडील शमुवेल मास्तर मात्र कडक. त्यांचं पत्र आलं. हुंडा नको, मानपान नको, एकच अट. जेवण घरटी एक, आणि लाजर आप्पांची 'नेहमीची मंडळी' मांडवात दिसता कामा नये. तसं जमत नसेल तर आत्ताच कळवावं.

सुंदराक्का, म्हणजे आप्पाची बायको, हातात ते पत्र आणि दुसऱ्या हातात लाटणं घेऊन उभी राहिली. "अवो, तुमच्या आंधळ्या-पांगळ्यांची लई सेवा झाली. आता ह्या पोरीकडं बघा. का हिलाबी स्टेशनावर एकतारी दिऊन बशीवता?"

आप्पा मार्थाकडं बघत बसला. मार्था सुईत दोरा ओवत होती आणि तो तिला ओवता येत नव्हता. शेवटी म्हणाला, "मी कुनाला सांगणार न्हाय. न्हाय म्हंजे न्हाय." शपथ घेतली नाही, शपथ त्यांच्या पुस्तकात मना आहे. पण त्याचं 'न्हाय' शपथेहून जड होतं.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या वर्गात आला. "बाई, मार्थाचं आवतान तुमी सांगा. माज्या तोंडाचा मला भरवसा न्हाय."

मी उडालेच. "आप्पा, डोकं फिरलंय का? मी विधवा बाई. लग्नाचं आवतान मी दारोदार सांगू? लोक काय म्हणतील?"

"लोकं काय म्हणायची ती म्हणत्यात. तुमास्नी कुनी सांगितलं का कवा, की जावा, चार घरी ग्वाड बोलावणं सांगून या?"

"नाही."

"मग सांगा की एकदा. बघा, बरं वाटतंय."

मी सांगितलं. दोन संध्याकाळी, छत्तीस घरं. पहिल्या दारात माझा आवाज फुटेना, चौथ्यापासून फुटला, आणि विसाव्या दारात तर मी आप्पासारखी छत्री आपटली. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

आप्पाचे मात्र हाल सुरू झाले. जीभ आवरायची म्हणजे त्या लोकांच्या समोरच जायचं नाही, असं त्यानं ठरवलं. स्टेशनचा रस्ता सोडला. यल्लव्वा दिसली की तो बोळात. पण बाजाराला स्टेशनवरूनच जावं लागायचं आणि धोंडिबा तर पावलावरून माणूस ओळखणारा. म्हणून आप्पानं पाद्रीसाहेबांचे जुने बूट मागून घेतले, जन्मात पहिल्यांदा बूट घातले, आणि खाड खाड करत धोंडिबासमोरून गेला. धोंडिबा एकतारी वाजवत राहिला. परत येताना मात्र एकतारी खाली ठेवून म्हणाला, "आप्पा, बूट चावतंय का?"

आप्पा तसाच पुढं आला. शाळेत आल्यावर बूट काढून बसला आणि ढसाढसा रडला. मला म्हणाला, "बाई, आज म्या त्याला ऊटा आतेन इचारलं न्हाय." मी पाण्याचा तांब्या दिला. दुसरं काय देणार?

लग्नाचा दिवस उजाडला. मिरजेची गाडी सकाळी आठला. दहाला लग्न. नऊ वाजले, साडेनऊ वाजले, देऊळ भरलं, पेटीवाल्यानं दोन गीतं वाजवून झाली, आणि वऱ्हाडाचा पत्ता नाही. पाद्रीसाहेब आप्पाला म्हणाले, "स्टेशनावर कुणाला पाठवलंय?"

आप्पाचा चेहरा पांढरा पडला. बेळगावच्या मंडळीत वऱ्हाड आणायला आप्पानं जायचं, ही वीस वर्षांची रीत. त्यामुळं सगळे धरून चालले की आप्पानं सोय केली असेल. आणि आप्पा धोंडिबाच्या भीतीनं धरून चालला की आपण जाणार नाही म्हणजे दुसरं कुणीतरी जाईलच. गेलं कुणीच नाही. पंचवीस माणसं, पेट्या, म्हातारेकोतारे परक्या गावच्या उन्हात उभे. सुंदराक्कानं कपाळावर हात मारला. "मोडलं! तिसरंबी मोडलं!" मार्था पांढरं लुगडं नेसून आत बसली होती. तिनं हातातला फुलांचा गुच्छ तेवढा खाली ठेवला. ते मला बघवेना. आप्पा अनवाणीच स्टेशनकडं पळत सुटला आणि फाटकातच थबकला.

समोरून एकतारी ऐकू येत होती.

पुढं धोंडिबा. त्याच्या खांद्यावर हात ठेवून घामाघूम शमुवेल मास्तर, म्हणजे डोळस माणूस आंधळ्याला धरून. मागं नवरामुलगा. यल्लव्वाच्या कडेवर वऱ्हाडातलं एक रडकं पोर. आणि सगळ्यात शेवटी, सासूबाईंची दागिन्यांची पेटी डोक्यावर घेऊन, बाळू. बाळूची हकिकत सासूबाईंना कुणी सांगितली नाही, पुढंही कधी नाही. पेटी कुलपासकट पोचली. वऱ्हाडातले दोघंतिघं तर तापून परतीची गाडी विचारायला लागले होते. धोंडिबानं 'लाजर आप्पा' हे नाव ऐकलं, आपली माणसं गोळा केली आणि सगळ्यांची समजूत घालत त्यांना देवळापर्यंत आणलं.

फाटकाशी आल्यावर धोंडिबानं एकतारी थांबवली. "पोचलासा मास्तर. हेच देऊळ. आमी येतो."

"अहो, आत चला की, पाणी तरी प्या," शमुवेल मास्तर म्हणाले.

"न्हाय मालक. आमास्नी आवतान न्हाय."

त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट. यल्लव्वानं पोर आईजवळ दिलं, बाळूनं पेटी उतरवली, आणि ते वळले. आप्पा तिथंच उभा. ओठ असे घट्ट मिटलेले, की जबड्याची हाडं दिसत होती. शब्द दिला होता ना! डोळ्यांतनं धारा लागल्या, पण तोंड उघडलं नाही त्यानं.

शमुवेल मास्तर चिडले. "ही काय रीत झाली? ज्यांनी आम्हाला इथवर आणलं त्यांना आवतान नाही? कुणी ठरवलं हे?"

"तुमीच!" सुंदराक्का कडाडली. "पत्र आनून दावू का?"

मास्तरांनी धोंडिबाच्या पाठीकडं बघितलं, मग आप्पाकडं. त्यांची मान खाली गेली. खाली बघतच म्हणाले, "आवतान सांगायचं काम कुणाकडं आहे?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या आयुष्यात एवढ्या माणसांनी माझ्याकडं एकदम कधी बघितलं नव्हतं. मी छत्री आपटली आणि पोटात होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले, "धोंडिबा! यल्लव्वा! बाळू! लाजर आप्पाच्या मार्थाचं लग्न! चूलबंद!"

बाळू म्हणाला, "आमास्नी चूलच न्हाय."

तेव्हा कुठं आप्पाचं तोंड उघडलं. "मग सोपं झालं की रं! चल आत! पयल्या पंगतीला बस!"

अन्न मोजकंच होतं, तेव्हा रस्स्यात पाणी वाढवावं लागलं. शमुवेल मास्तर दुसऱ्या पंगतीला बसले आणि तो पातळ रस्सा दोनदा मागून प्यायले. सॉलोमनसाहेबही जेवले. त्यांची कार्डं पुढं कुणी मागितली नाहीत, आणि जेवणाची घंटा परत साडेअकराला वाजायला लागली.

पुढं मी निपाणीला मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होऊन आले. तंबाखूचा वास, शिंका, सगळं पहिल्यासारखं. स्वातंत्र्य मिळायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. दुपारची सर्व्हिस मोटार गेली आणि फाटकाशी काठी आपटल्याचा आवाज आला. बघते तर आप्पा. कोट तोच, बटणं आता दोन. इतका वाळलेला, की कोटच चालत आलाय असं वाटलं. मी धावले, ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. त्यानं आधी मलाच विचारलं, "ऊटा आतेन बाई?"

"झालं. तू एवढ्या लांब कशाला आलास, अशा तब्येतीनं?"

"आवतान सांगाय आलतो."

"कुणाचं लग्न?"

"लगीन न्हवं. माजं मयत."

मी त्याला रागावले. असलं अभद्र बोलू नको म्हणाले. तो शांतपणे म्हणाला, "रागवू नगासा. डाक्टरनं सांगितलंय. आता बघा, मयताला आवतान नसतंय, ज्यानं त्यानं समजून यायचं. ही रीतच चुकीची हाय. शान्यासुरत्या लोकांस्नी समजतंय. पर ज्यास्नी सगळीकडनं हाकलत्यात त्यास्नी कसं समजावं, की हितं आत यायचं का फाटकात उभं ऱ्हायचं? म्हणून मीच सांगत सुटलोय. शहापूर झालं, हिंडलगं झालं. लोंढ्याला उद्या जातो, तितं स्टेशनावर चौघंजन हाईत."

"धोंडिबाला सांगितलंस?"

"पयल्यांदा त्यालाच. तर म्हणतोय, मला काय दिसणार न्हाय. म्हणलं, मलाबी न्हाय दिसायचं."

मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. पदरानं डोळे पुसून विचारलं, "तारीख कोणती?"

"मालकानं अजून कार्ड छापलं न्हाय. तुमी तयारीत ऱ्हावा."

जेवायला थांब म्हटलं तर थांबला नाही. पायऱ्या उतरला, फाटकापर्यंत गेला. मी मागनं म्हणाले, "आप्पा, घरटी एक ना? माझ्याकडं दुसरं आहे कोण?"

तो वळला. काठी उचलली, सगळं बळ एकवटलं, आणि शहापुरातल्या त्या पहिल्या नाताळासारखा ओरडला, "न्हाय बाई! चूलबंद!"

समोर वखारीची सुट्टी झाली होती. नाकातोंडाला फडकी बांधलेल्या बाया तंबाखूची धूळ झटकत बाहेर पडत होत्या. एकीलाही तो ओळखत नव्हता. तरी रस्ता ओलांडून त्यांच्यात गेला, काठी आपटली आणि सांगायला लागला.